सोमवारचा वस्तरा

दौंडला स्टेशनच्या मागे जुन्या सामानाचं एक दुकान होतं. तीन-चार वर्षं मी त्या दुकानाचा उंबरा झिजवला. रांजणगावला कारखान्यात रात्रपाळी उरकायची, कंपनीच्या बसने शिरूरला यायचं, घरी न जाता तसंच स्टँडवर दौंडची एसटी धरायची आणि खिडकीच्या दांडीला डोकं टेकून झोपायचं. भीमेचा पूल आला की गाडीचा आवाज बदलतो, त्याने जाग यायची. जाग आली की मनात एकच यायचं, आज तरी मिळू दे आणि ही वणवण एकदाची संपू दे.

मला एक वस्तरा हवा होता. जुने वस्तरे काही दुर्मिळ नाहीत. शिरूर-दौंडच्या जुन्या बाजारात चाळणी हलवली तर चार निघतील. पण मला ज्याच्या पाठीवर इंग्रजीत सोमवार कोरलेला आहे असा वस्तरा हवा होता.

दुकानदाराला सगळे मामा म्हणत. दौंडला पूर्वी अँग्लो-इंडियन ड्रायव्हर-गार्डांची वस्ती होती. ती माणसं एकेक करून परदेशी निघून गेली आणि जे त्यांच्या पेट्यांत मावलं नाही ते फिरत फिरत मामांकडे येऊन पडलं. कंदील, आरामखुर्च्या, चाव्या हरवलेली घड्याळं, आणि एक भला मोठा बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्या डब्यात मामांनी दाढीचे ब्रश, साबणाचे मग, गंजलेली रेझरं, मिशांना लावायच्या मेणाच्या डब्या आणि तंबाखूचे पाईप असं सगळं एकत्र भरून ठेवलं होतं. त्याला ते ‘सायबाचं तोंड’ म्हणत, कारण त्यातलं सगळं तोंडालाच लागणारं.

“आलं का?” असं मी विचारायचो. “तोंड उघड आन् बघ,” असं ते म्हणायचे आणि डबा पुढे सरकवायचे.

मी तो जमिनीवर उपडा करायचो. ब्रशांचे केस झडलेले असत, मगांच्या तळाशी कुणाच्या तरी साबणाची पिवळी पापडी तशीच असे. पाईपांच्या दांड्यांवर दातांच्या खुणा असत. सुरुवातीला त्या खुणांकडे बघून मला मेलेल्या माणसांची आठवण काढल्यासारखं व्हायचं, नंतर नंतर काही वाटेना. रात्रभर मशीनवर उभं राहिलेल्या माणसाला कुणाच्या दातांचं काय सोयरसुतक असणार? मी वस्तरे वेगळे काढायचो, पाठी पुसायचो, उजेडात धरायचो, परत ठेवायचो. मग परतीची गाडी.

हे मी कशासाठी करत होतो ते सांगायला पाहिजे. त्यात माझीच चूक आहे.

आमचं घराणं न्हाव्याचं. आजोबांचं दौंडला स्टेशनाजवळ दुकान होतं. त्यांनी एका इंजिन ड्रायव्हरची दाढी वीस वर्षं केली. तो साहेब देश सोडून निघाला तेव्हा त्याने आजोबांना एक लाकडी पेटी दिली. आत निळ्या मखमलीत सात खाचा आणि सात वस्तरे. आठवड्याचे सात, असं तो म्हणाला होता, पण कुठला कुठल्या दिवसाचा हे ना आजोबांना वाचता येत होतं, ना माझ्या चुलत्यांना, ना वडिलांना. चुलते थोरले, त्यांना आम्ही आबा म्हणायचो आणि वडिलांना आप्पा. दोघांनी पुढे तेच दुकान चालवलं. वस्तऱ्याला विसावा लागतो, रोज तोच ओढला की धार रुसते, एवढं त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते पेटीतले वस्तरे ओळीने फिरवायचे. आज जो निघाला तो शेवटी जायचा. त्यांचं काही अडत नव्हतं.

सोमवारी दुकान बंद. आमच्याकडे सगळ्याच न्हाव्यांची दुकानं सोमवारी बंद असतात. मग सकाळी अर्धं शटर वर करून दोघे भाऊ आत बसायचे आणि एकमेकांची दाढी करायचे. आधी आप्पा आबांची, मग आबा आप्पांची. दुसऱ्या कुणाच्या हाती त्यांनी कधी गळा दिला नाही. मी सोमवारी डबा घेऊन जायचो तेव्हा ते दोघे काही बोलत नसायचे, फक्त खरखर ऐकू यायची. गावाची तोंडं आठवडाभर ऐकून ते कंटाळलेले असायचे आणि त्या दिवशी त्यांना गप्प बसायला मिळायचं.

मग वाटणी झाली. दोन चुली एका दुकानावर चालेनात, साधी गोष्ट. भांडण नव्हतं. दुकान थोरल्याकडे राहील, धाकट्याने शिरूरला स्टँडजवळ नवी खुर्ची मांडावी असं ठरलं. आरसे वाटले, खुर्च्या वाटल्या, कात्र्या वाटल्या. शेवटी पेटी उघडली. सात वस्तऱ्यांचे दोन वाटे कसे करायचे याच्यावर दोघे थांबले. मी नुकताच आयटीआय होऊन कंपनीत लागलो होतो. बावीस वर्षांचा घोडा, अंगावर कंपनीचा शर्ट. मला चार अक्षरं येत होती आणि ती दाखवायची खाज होती.

“थांबा, मी वाचून सांगतो,” असं मी म्हणालो. आणि एकेक वस्तरा उचलून वाचला. रविवार, सोमवार, मंगळवार. सातही.

आबा हसत आप्पांना म्हणाले, “मंग सोपं झालं की. सोमवारी दुकान बंद. गुरुवारी, शनवारी कोन दाढी करतंय? त्ये तीन तू ने. कामाचे चार दुकानात ऱ्हाऊ देत.”

ती थट्टा होती. आजही मला वाटतं की ती निम्मी थट्टाच होती. थोरल्याने चार ठेवायचे आणि धाकट्याला तीन द्यायचे हे तर तसंही झालंच असतं. मी वाचलं नसतं तर ते नुसते तीन वस्तरे झाले असते. आता ते तीन उपासाचे वार झाले. आप्पांचा चेहरा उतरला. “मला निक्रीचे वार दिलेस व्हय दादा,” एवढंच ते म्हणाले. निक्री म्हणजे धंदा नसलेला दिवस, बाजारातली माणसं म्हणतात तसं. आबांनी ते ऐकलं, पण थोरलेपणा आड आला आणि ते गप्प राहिले. आप्पांनी तीन वस्तरे रुमालात बांधले आणि त्याच संध्याकाळी दौंडच्या स्टँडवर हातगाडीवाल्या भंगारवाल्याच्या टोपल्यात टाकले. मी शेजारी उभा होतो. मी ते उचलून खिशात घालायला हवे होते. मला वाटलं, राग शांत होईल.

राग शांत झाला नाही. राग म्हणजे काय, ते दोघे भांडलेसुद्धा नाहीत. लग्नकार्यात समोर आले की एकमेकांना “बरं हाय का” म्हणायचे आणि लांब लांब पंगतीत बसायचे. आप्पा शिरूरला आरशात बघून स्वतःची दाढी स्वतः करू लागले. न्हाव्याने स्वतःची दाढी करणं हे ज्याने बघितलं नाही त्याला मी काय सांगू? दुसऱ्याच्या गालावर लोण्यासारखा फिरणारा हात स्वतःच्या हनुवटीवर आला की अडखळतो. दर सोमवारी त्यांच्या गळ्यावर तुरटीची पांढरी टिकली असायची.

मग काही वर्षांनी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, तोंडाची उजवी बाजू खाली आली, बोलणं जड झालं. आई त्याआधीच गेली होती. घरात मी आणि बायको. दाढी वाढायला लागली तसं मी शेजारच्या सलूनवाल्याला बोलावून आणलं. आप्पांनी डाव्या हाताने त्याचा हात धरून ठेवला आणि सोडला नाही. दुसरा आणला, त्याचंही तेच. मी स्वतः करतो म्हणालो तर माझ्याकडे असं बघितलं की मी रेझर परत डब्यात टाकलं. न्हाव्याच्या घरातला म्हातारा दाढी वाढवून दारात बसतो म्हणून गल्लीत चेष्टा होऊ लागली. बायको कात्रीने जमेल तेवढं कापायची.

एक दिवस मी वैतागून विचारलं, “आप्पा, मग तुम्हाला हवंय तरी काय?”

बराच वेळ ओठांची जुळवाजुळव करून ते म्हणाले, “सोमवारचा आण.”

झालं. त्या दिवसापासून माझी वणवण सुरू झाली. सुटीच्या दिवशी माणसं झोपतात, पोरांना घेऊन जत्रेला जातात. मी भंगाराच्या ढिगात गोऱ्या साहेबांची तोंडं धुंडाळत होतो. शिरूरचा आठवडी बाजार झाला, सणसवाडीच्या रस्त्यावरची भंगाराची गोडाऊनं झाली. तिथल्या बिहारी पोऱ्यांना मी ‘उस्तरा’ म्हणालो की ते आधी दोन पावलं मागे सरकायचे. भांडगावच्या एका ढाब्याच्या मागे जुनं सामान येतं असं कुणी सांगितलं म्हणून तिथेही जाऊन आलो. तिथे एक पितळी हुक्का होता आणि म्हैस.

दौंडला जाताना आबांच्या दुकानावरून जावं लागायचं. मी रस्ता ओलांडून पलीकडून जायचो, मान खाली घालून. त्यांना आप्पांचं दुखणं कळलं होतं हे मला ठाऊक होतं. ते आले नाहीत. आम्हीही बोलावलं नाही. बोलावल्याशिवाय थोरल्याने जायचं नाही आणि चुकी नसताना धाकट्याने बोलवायचं नाही, अशी ती गाठ. या गाठीला मी मनातल्या मनात किती शिव्या दिल्या असतील.

एकदा मामा वैतागले. “लेका, चार वर्सं तोंड उचकटतोस आन् फुकट जातोस. आज काही घेतल्याबिगर जायचं न्हाई.” मला ओशाळं वाटलं. वस्तरा तर नव्हताच, म्हणून मी एक पाईप उचलला. काळी वाकडी दांडी, तांबूस लाकडाची वाटी, आत जळक्या तंबाखूचा वास. घरी आणला तर बायकोने कपाळावर हात मारला. “दाढी व्हईना आन् ह्ये काय आणलंत? आता धूर काढायचा राहिलाय आपल्याला?”

आप्पांनी तो डाव्या हाताने घेतला, फिरवून बघितला आणि उजव्या बाजूच्या दातांत धरला. तंबाखू नाही, काही नाही. नुसता रिकामा. पण त्याने त्यांचा लोंबलेला ओठ वर उचलला गेला आणि लाळ गळायची थांबली. मग तो पाईप तोंडातच राहिला. पांढरी दाढी, तोंडात पाईप, अंगात बंडी असे आप्पा दारात खाटेवर बसायचे आणि रस्त्याने जाणारे हसायचे. बायको आधी चिडली, मग रोज सकाळी तो पाईप गरम पाण्याने धुऊन त्यांच्या हातात देऊ लागली.

तेवढंच एक काम मी धड केलं. तेही न ठरवता.

शिरूरला जुन्या मिशन बंगल्याच्या बाजूला एक बाई राहायच्या. मिशनच्या शाळेतल्या मास्तरांच्या त्या विधवा, स्वतःही शिक्षिका होत्या. त्यांना मी मावशी म्हणायचो. बंगल्यात राहून गेलेल्या पाद्र्यांचं सामान त्यांच्या पडवीत होतं आणि ते त्या थोडं थोडं विकत. विकत म्हणजे, आवडत्या माणसालाच देत. तिथे पाईप नव्हते, पाद्री तंबाखू ओढत नसत. पण आरसे, ब्रश, कंगवे नीट कागदात गुंडाळलेले होते. एका शनिवारी त्यांनी मला निरोप पाठवला.

मी गेलो, त्यांनी दिलेल्या पुडीचा कागद सोडला तर आत वस्तरा होता. हस्तिदंती मूठ, पाठीवर इंग्रजी अक्षरं. मी उजेडात धरला आणि वाचला.

“बुधवार आहे तो,” मावशी म्हणाल्या. “मीही वाचलं. म्हटलं, तरी दाखवावा.”

मी तिथेच पायरीवर बसलो. मला रडू आलं नाही, पण उठावंसंही वाटेना. इतका थकवा मला कुठल्याच पाळीने आणला नव्हता.

मावशींनी कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, “तुझ्या वडिलांना इंग्रजी वाचता येतं का रे?”

“नाही.”

“मग?” आणि लगेच चष्मा काढून पदराने पुसायला लागल्या. “मी काही बोलले नाही हं. उद्या रविवार, मला चर्चला जायचंय.”

वस्तरा घेतला, पण तो बोथट होता. शिरूरच्या सलूनांत आता सगळीकडे अर्ध्या ब्लेडचे वस्तरे. एड्सच्या बातम्या पसरल्यापासून गिऱ्हाईक नवं ब्लेड डोळ्यांसमोर फोडायला लावायचं. दगडावर आणि पट्ट्यावर धार लावणारं कुणी उरलं नव्हतं. मला ठाऊक असलेला एकच माणूस उरला होता. दोन दिवस मी तो वस्तरा खिशात घेऊन फिरलो, आणि सोमवारी पाळीवरून सुटल्यावर दौंडच्या गाडीत बसलो.

आबांच्या दुकानाचं शटर अर्धं वर होतं. मी वाकून आत गेलो. ते एकटेच आरशासमोर बसले होते, गालाला फेस, हातात वस्तरा. हनुवटीखाली तुरटीची पांढरी टिकली होती. इतकी वर्षं मी फक्त शिरूरची टिकली बघत होतो.

त्यांनी आरशातूनच माझ्याकडे बघितलं. “यी. आज पलीकडनं न्हाई गेलास?”

मी खिशात हात घातला.

“मामा माझ्याकडंच दाढी करतंय,” ते म्हणाले. “तुझं सायबाचं तोंड सगळं ठावं हाय मला. गावला का?”

मी वस्तरा पुढे केला. “गावला. धार लावून द्या. सोमवारचा आहे.”

माझा आवाज मलाच खोटा वाटला. आबांनी तोंडावरचा फेस टॉवेलने पुसला, वस्तरा घेतला, मूठ चाचपली. आमच्या वस्तऱ्यांच्या मुठी काळ्या शिंगाच्या होत्या हे मला तेव्हा आठवलं. उठून त्यांनी फळीवरची लाकडी पेटी काढली. मखमलीत चार वस्तरे होते आणि तीन खाचा रिकाम्या. रिकाम्या खाचांतसुद्धा धूळ नव्हती. त्यांनी एक वस्तरा उचलला, मी आणलेल्या वस्तऱ्याशेजारी धरला, पाठीला पाठ लावून, आणि खिडकीजवळ गेले. दोन्हींवरची अक्षरं त्यांनी नखाने एकेक करून मोजल्यासारखी बघितली.

“मला वाचता येत न्हाई,” ते म्हणाले. “पर तू तवा सांगितलंवतंस त्ये ध्यानात हाय. ह्यो माझा बुधवारचा. आन् ह्ये अक्षरं सारखीच दिसत्यात की रं.”

मी मान खाली घातली. वाचलं तेव्हाही मी घर मोडलं होतं आणि आता खोटं वाचून काय साधणार होतो कुणास ठाऊक. मी म्हणालो, “आबा, तेव्हा मी वाचायला नको होतं.”

आबा पेटी बंद करत होते. “तू नुसतं वाचलंस. बोललो तर मी ना,” ते म्हणाले. त्यांनी मी आणलेला वस्तरा आधी दगडावर घासला, मग पट्टा खिळ्याला अडकवून तो त्याच्यावर ओढायला सुरुवात केली. बराच वेळ ओढला. अंगठ्याच्या नखावर धार बघितली. भिंतीवरची धोकटी काढली, तिच्यात वस्तरा, पट्टा, ब्रश, तुरटी ठेवली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “शिरूरची गाडी किती वाजता हाय?”

गाडीत दोघे शेजारी बसलो. मी झोपलो नाही. त्या वाटेवर पहिल्यांदाच झोपलो नाही. आबा धोकटी मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांच्या अर्ध्या गालावर दाढी तशीच होती.

आप्पा दारात खाटेवर बसले होते, तोंडात पाईप. आबांना बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला आणि डाव्या हातावर कलंडले. आबांनी त्यांना खांद्याला धरून सरळ बसवलं. मग त्यांच्या तोंडातला पाईप हळूच काढून घेतला.

“ह्ये काय? इंजन चालवायला निघालास का?”

आप्पा हसले. त्यांचा ओठ एका बाजूने खाली आला आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बायको पाणी तापवायला आत पळाली. आबांनी धोकटी उघडली, टॉवेल आप्पांच्या गळ्याभोवती खोचला, ब्रशने फेस काढला.

वस्तरा उघडला तेव्हा आप्पांनी डावा हात मध्ये घातला. “कंचा?” त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. माझ्या आधी आबा म्हणाले, “सोमवारचा.”

आप्पांनी वस्तरा हातात घेतला. त्यांचा अंगठा मुठीवरून फिरला. त्या गुळगुळीत मुठीवर तो जरा थांबला. मग पाठीवरच्या अक्षरांवरून गेला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. चाळीस वर्षं ते सात वस्तरे ज्याने हाताळले होते त्याला हा आपला नाही हे कळायला वाचता यायची गरज नव्हती. त्यांनी वस्तरा परत भावाच्या हातात दिला.

“व्हय. ह्योच,” ते म्हणाले आणि हनुवटी वर केली.

आबांनी दाढी करायला घेतली. मी पाण्याची वाटी धरून शेजारी उभा राहिलो. दोघे काही बोलत नव्हते, फक्त खरखर ऐकू येत होती. एकदा वस्तरा धुताना आबांनी तो माझ्यासमोर आडवा धरला. फेस निघून गेला होता आणि अक्षरं स्वच्छ दिसत होती. त्या दिवशी मला कुणी वाच म्हणालं नाही, आणि मीही वाचून दाखवलं नाही.